घरातले जुने रुपये

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पाटावर जे चांदीचे रुपये मांडले जातात, त्यांच्याविषयी आज थोडं बोलणार आहे. कुणाकडे दोन असतात, कुणाकडे वीस. आजीच्या फडक्यात बांधलेले, देव्हाऱ्याच्या डबीत ठेवलेले, नाहीतर कडी डागून गळ्यातल्या माळेत ओवलेले. त्यांना कुणी राणीछाप म्हणतं, कुणी राजाछाप, कुणी कलदार. पूजा झाली की ते पुन्हा फडक्यात जातात आणि वर्षभर कुणी पाहत नाही. मग एखाद्या सालात पाऊस दगा देतो, घरात आजारपण येतं, मुलीचं लग्न निघतं, आणि तो डबा सराफाच्या काट्यावर जाऊन बसतो. त्या वेळी आपल्याजवळ नेमकं काय आहे हे ठाऊक नसलं, तर दहा रुपयांचा माल सात रुपयांना जातो. उलटही घडतं. चांदी म्हणून चार पैसे गुंतवावेत या विचाराने बाजारातून जुने रुपये घेणारे पुष्कळ आहेत, आणि नको ते नाणं नको त्या भावाने घेणारेही पुष्कळच. म्हणून ही ओळख.

आधी रुपयाची जात समजून घेऊ. शेरशाह सूराने सोळाव्या शतकात चांदीचा रुपया पाडला, त्याचं वजन सुमारे १७८ ग्रेन होतं. पुढे जागोजागी टाकसाळी निघाल्या, जागोजागचे रुपये निराळे. कुठे वजन कमी, कुठे हीण जास्त. म्हणून नाणं पारखणारा पोतदार लागायचा, आणि झिजलेल्या किंवा परमुलखातल्या रुपयावर बट्टा कापला जायचा. पोतदार, पारखी, टकसाळे ही आडनावं त्या धंद्यातून आली आहेत. १८३५ साली ईस्ट इंडिया कंपनीने सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. बारा भागांत अकरा भाग चांदी, एक भाग हीण. हे प्रमाण पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ टिकलं. चौथा विल्यम, राणी व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज, मुखवटे बदलत गेले, पण रुपयातली चांदी तीच राहिली: १०.६९ ग्रॅम. हा आकडा लिहून ठेवा. गुरुजींनी फळ्यावर लिहिला तरी चालेल.

आता इथेच एक खड्डा आहे. जुनी माणसं म्हणतात, एक रुपया म्हणजे एक तोळा. खरंच होतं ते. रुपयाभार म्हणजे तोळा, आणि अशा ऐंशी तोळ्यांचा पक्का शेर. पण तो तोळा ११.६६ ग्रॅमचा. आज सराफकट्ट्यावर तोळा म्हणतात तो दहा ग्रॅमचा. समजा तुम्ही शंभर कलदार रुपये मोडायला नेले. त्यांचं वजन नवं असताना ११६६ ग्रॅम, त्यात चोख चांदी १०६९ ग्रॅम. कुणी शंभर रुपये म्हणजे शंभर तोळे असं तोंडी मोजून एक किलो धरले, आणि वर बारावा हिस्सा हिणापोटी कापला, तर तुमच्या हाती ९१७ ग्रॅमचे पैसे पडतील. दीडशे ग्रॅम चांदी बोलता बोलता गेली. भांडायचं कारण नाही. रुपये नगावर मोजून देऊ नयेत, वजनावर द्यावेत आणि काट्यावरचा आकडा ग्रॅममध्ये वाचून घ्यावा, एवढंच. शंभर वर्षे हातोहात फिरलेला रुपया थोडा झिजलेला असतोच, म्हणून वजनच खरं. जेवढं भरेल त्याचे बारा भाग करायचे, एक सोडून द्यायचा, उरलेली चांदी. चौथीतल्या मुलाला येणारं गणित आहे.

पण हे गणित सगळ्या रुपयांना लागू पडत नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. दुसरं महायुद्ध सुरू झालं, लोकांचा कागदी नोटेवरचा भरवसा डळमळला आणि चांदीचे रुपये भराभर घरात दडायला लागले. जून १९४० मध्ये सरकारने गरजेपेक्षा जास्त नाणी साठवणं गुन्हा ठरवला, पुढच्याच महिन्यात एक रुपयाची नोट काढली, आणि रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. १९४० ते १९४५ या सालांचा सहाव्या जॉर्जचा जो रुपया आहे त्यात निम्मी चांदी, चाळीस टक्के तांबं, बाकीचं निकेल आणि जस्त. वजन तेच, आकार तोच, राजाही तोच. चांदी मात्र १०.६९ ग्रॅमच्या जागी ५.८३ ग्रॅम. १९४७ च्या रुपयावर पाठीमागे वाघ आहे, त्यात चांदीचा कणही नाही, तो शुद्ध निकेलचा. वाघाचा रुपया चांदीचा म्हणून जपून ठेवलेली घरं कमी नाहीत. त्याला साधं लोहचुंबक लावून पाहा, चटकन चिकटेल. चांदी चुंबकाला चिकटत नाही.

निम्म्या चांदीचा रुपया ओळखायला साल तर आहेच, पण साल पुसट झालं असलं तर किनार पाहा. जुन्या रुपयाच्या कडेला सरळ उभ्या रेघा आहेत. १९४० नंतरच्या रुपयाच्या कडेला मधोमध एक खोबण आहे आणि तिच्यात बारीक नक्षी. खोटी नाणी पाडणाऱ्यांना ते जमू नये म्हणून ती युक्ती काढली होती. बोट फिरवलं तरी कळतं.

जुने चोख रुपये सरकारने नंतर टप्प्याटप्प्याने चलनातून काढले: १९४१ मध्ये राणीचे, १९४२ मध्ये एडवर्डचे, १९४३ मध्ये जॉर्जचे. ज्यांनी मुदतीत भरले त्यांना बदली पैसे मिळाले. आपल्या घरात आज जे शिल्लक आहेत ते न भरलेले. कुणाला बातमीच पोचली नव्हती, कुणी मुद्दाम ठेवले. आता ते चलन नव्हेत, धातू आहेत, आणि ठेवणाऱ्यांचा त्यात तोटा झाला असं काही म्हणता येणार नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. जुनी चांदीची नाणी घ्यायची किंवा राखायची तर कोणती? याचं उत्तर देण्याआधी स्वतःला विचारावं की मला चांदी हवी आहे की नाणं हवं आहे. ही दोन कामं निराळी आहेत. दोन्ही एका पैशात करायला गेलेला माणूस बहुधा नाण्याची किंमत देऊन चांदी घरी आणतो.

चांदी हवी असेल तर साधे, चालून झिजलेले, भरपूर मिळणारे रुपये घ्यावेत. एडवर्डच्या काळातले, म्हणजे १९०३ ते १९१० चे, ज्यांत राजाच्या डोक्यावर मुकुट नाही. आणि पाचव्या जॉर्जचे १९१२ ते १९२० चे. हे अमाप पाडले गेले. एकट्या १९१८ सालाचे चाळीस कोटींवर आहेत. पहिल्या महायुद्धात एवढी चांदी कुठून आली? अमेरिकेने १९१८ च्या कायद्याने आपले सत्तावीस कोटी चांदीचे डॉलर वितळवले, आणि त्यातली बहुतेक चांदी इंग्रजांमार्फत हिंदुस्थानच्या टाकसाळीत आली. तुमच्या देव्हाऱ्यातला १९१८ चा रुपया कदाचित आधी डॉलर असेल. असो. मुद्दा असा की हे रुपये दुर्मिळ नाहीत, म्हणून त्यांना चांदीच्या भावापेक्षा फार जास्त देऊ नये. झिजलेला असला तर आणखी बरं, कारण हौशी माणूस त्याच्या वाट्याला जात नाही.

हिशोबासाठी सोपा भाव धरतो. किलोला एक लाख धरला तर ग्रॅमला शंभर रुपये. त्या भावाने कलदार रुपयात १०६९ रुपयांची चांदी, १९४० ते ४५ च्या रुपयात ५८३ ची. अधेली, पावली याच प्रमाणात. दोन अधेल्या किंवा चार पावल्या मिळून एक रुपया. फक्त १९१९-२० ची ‘आठ आणे’ आणि १९१९ ते २१ ची ‘चार आणे’ ही जी नाणी आहेत, त्यांतली तांबं-निकेलची पुष्कळ आहेत, ती चांदीत धरू नका. स्वातंत्र्यानंतर १९६९ मध्ये गांधीजींच्या जन्मशताब्दीचं दहा रुपयांचं नाणं निघालं. ते पंधरा ग्रॅमचं आणि त्यात ऐंशी टक्के चांदी, म्हणजे नेमके बारा ग्रॅम. आपल्याच सरकारचं, खोटं कमी निघणारं, हिशोबाला सुटसुटीत. माझ्या मते साठवायला हे फार चांगलं नाणं आहे आणि त्याच्याकडे लक्ष द्यावं तेवढं कुणी देत नाही. १९७२ चं स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचं दहाचं नाणं दिसायला मोठं, साडेबावीस ग्रॅमचं. पण चांदी निम्मी, सव्वाअकरा ग्रॅम. मोठं दिसतं म्हणून जास्त देऊ नका.

मराठवाड्यातल्या श्रोत्यांसाठी हाली शिक्क्याचं सांगायला हवं. निजामाच्या चारमिनार छापाच्या रुपयाचं वजन ११.१८ ग्रॅम आणि चांदी शंभरात जवळजवळ ब्याऐंशी. म्हणजे चोख चांदी ९.१४ ग्रॅम. आपले वाडवडील ढोबळ मानाने सात हाली म्हणजे सहा कलदार असा हिशोब करीत, तो वजनाशी आणि चांदीशी जुळणारा होता. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत त्यातही हीण वाढलं, तेव्हा शेवटशेवटचे हाली तपासून घ्यावेत. गोव्याकडचं सांगायचं तर १८८१-८२ चा पोर्तुगीज राजा लुईशचा रुपया वजनाने आणि चांदीने ब्रिटिश रुपयासारखाच आहे. तो वितळवण्याच्या भावाने देऊ नये, हौशी लोक त्याला जास्त देतात.

आता नाणं हवं असलेल्यांविषयी. इथे पहिला गैरसमज काढून टाकू की जितकं जुनं तितकं महाग. तसं नाही. १८४० साल असलेले राणीचे रुपये १८४० मध्येच पाडले असं नाही, तेच साल ठेवून ते १८६२ पर्यंत पाडत राहिले. १८६२ सालाचा रुपयाही तसाच पुढे १८७४ पर्यंत पाडला गेला. त्यामुळे हे रुपये आजही ढिगाने मिळतात. उलट सगळ्यात महाग गणला जातो तो त्या मालिकेतला अगदी शेवटचा, १९३९ चा सहाव्या जॉर्जचा चोख रुपया, कारण फार थोडे बाहेर पडले. आणि म्हणूनच १९३९ ची खोटी नाणी बाजारात फार. दुसऱ्या सालाचा शेवटचा आकडा कोरून नऊ केलेलीही असतात. भिंग घेऊन पाहिल्याशिवाय आणि जाणकाराला दाखवल्याशिवाय १९३९ चा रुपया घेऊ नये. स्वस्तात मिळत असेल तर मुळीच घेऊ नये.

१९११ चा पाचव्या जॉर्जचा रुपया हा आणखी एक गमतीचा. राजाच्या झग्यावर जो हत्ती कोरला होता तो लोकांना डुकरासारखा दिसला. ओरड झाली, सरकारने ते रुपये परत घेतले आणि १९१२ पासून हत्तीची सोंड नीट केली. तुमच्या डबीत १९११ असेल तर तो बाकीच्यांतून बाजूला काढा.

कंपनीच्या आधीचे हाताने ठोकलेले रुपये, पुण्याचे अंकुशी, चांदवडचे, हे ओबडधोबड दिसतात, छाप अर्धवट असतो, त्यावर अक्षरं फारसी आणि नाव दिल्लीच्या बादशहाचं. मराठी राज्याच्या टाकसाळीतला रुपया आणि त्यावर बादशहाचं नाव, हे ऐकून मुलं बुचकळ्यात पडतात. त्या काळी नाण्याची पत त्या नावावर चालत असे, म्हणून तो रिवाज सोडला नाही. असा रुपया वाचता येत नाही म्हणून फुटकळ चांदीत टाकून देऊ नका. गाळला की गेला, दुसरा कुणी पाडून देणार नाही.

आणि कृपा करून घासू नका! दिवाळीच्या आदल्या दिवशी चिंच, लिंबू, राख लावून रुपये लखलखीत करायची आपल्याकडे चाल आहे. चांदीच्या किमतीत त्याने फारसा फरक पडत नाही, पण हौशी गिऱ्हाइकाच्या लेखी तो रुपया तिथेच मेला. राणीच्या केसांच्या बटा, मुकुटावरचे बारीक खडे, हे जितके शाबूत तितका भाव. काळवंडलेलं नाणं तसंच राहू द्यावं. पूजेला दोन झिजलेले रुपये निराळे काढावेत आणि ते हवे तेवढे घासावेत, देवीची त्याला काही हरकत नसावी. कडी डागलेल्या रुपयांचंही असंच. माळेतला रुपया नाणं म्हणून संपलेला असतो, पण चांदी म्हणून पूर्ण असतो. मोडताना डागाचं वजन वेगळं धरावं लागतं, एवढंच.

आता खोट्याची पारख. वाजवून पाहणं ही जुनी रीत चांगली, खणखणीत वाजतो तो खरा. पण तेवढ्यावर थांबू नये. शाळेत करून दाखवता येईल अशी एक रीत सांगतो. शिक्षक मंडळींनी लक्ष द्यावं, आर्किमिडीजचा धडा नाहीतरी शिकवायचा असतोच. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा लहान विजेरी काटा हल्ली सहज मिळतो. त्यावर अर्धा पेला पाणी ठेवून काटा शून्यावर आणायचा. रुपयाला बारीक दोरा बांधून तो पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा काठाला टेकणार नाही असा हातात लटकता धरायचा. काटा जो आकडा दाखवेल ते रुपयाने बाजूला सारलेलं पाणी. पूर्ण वजनाच्या चोख कलदारला हा आकडा सुमारे १.१३ येतो. १९४० ते ४५ च्या रुपयाला १.२२ च्या आसपास. त्याच वजनाचा तांब्यावर मुलामा दिलेला खोटा रुपया १.३० दाखवतो, आणि कथलाच्या मिश्रणाचा दीडच्याही वर जातो. रुपया झिजलेला असेल तर बाहेरचं वजन या आकड्याने भागून पाहा: चोख रुपयाला १०.३ च्या जवळपास उत्तर यायला हवं. सालं, वजनं, पाण्यातले आकडे असा तक्ता मुलांनी केला तर गणित, विज्ञान आणि इतिहास एकाच तासात होईल. घरून रुपये आणायला सांगताना मात्र एकेकच सांगा, आणि आईला विचारून.

लबाडीचे दोन-तीन प्रकार खेड्यापाड्यांत फार चालतात. एक, पायाभरणीत किंवा शेतात हंडा सापडला म्हणून सांगत येणारे. दोन नाणी खरी दाखवतात, पिशवीभर खोटी गळ्यात मारतात. दुसरा, कंपनीच्या नावाची, रामाची किंवा मारुतीची छबी असलेली, १६१६ नाहीतर १८१८ साल घातलेली तांब्याची नाणी. कंपनीने असं नाणं कधीच पाडलेलं नाही. ते तांदूळ ओढतं, त्याला कोटी रुपये मिळतात, असल्या नादाने जमिनी विकून बसलेली माणसं आहेत. तिसरा प्रकार फोनवरचा: तुमच्या जुन्या नाण्याला लाखो रुपये देतो, आधी एवढी फी भरा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारात बँक पडत नाही आणि कुणाला फी घ्यायला सांगत नाही. जो आधी पैसे मागतो त्याचा फोन ठेवून द्यावा.

खरोखरच नांगराच्या फाळाला हंडा लागला तर? १८७८ चा कायदा आहे. जमिनीत दडलेला दहा रुपयांवरचा ठेवा सापडला की जिल्हाधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक आहे. दडवला तर कैदेची शिक्षा आहे. सरकारने तो ठेवून घ्यायचा ठरवलं, तर त्यातल्या मालाची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. रातोरात सराफाकडे नेऊन गाळणाऱ्याला बहुधा एवढंही मिळत नाही. शंभर वर्षांहून जुनं नाणं परदेशी धाडायला १९७२ च्या कायद्याने मनाई आहे, हेही परगावी मुलं असलेल्यांनी ध्यानात ठेवावं.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. चांदी व्याज देत नाही, आणि तिचा भाव चढतो तसा कोसळतोही. जानेवारी १९८० मध्ये जगाच्या बाजारात चांदी औंसाला पन्नास डॉलरच्या घरात गेली होती. मार्च संपेपर्यंत ती अकराच्याही खाली आली. जवळपास तेवढा भाव पुन्हा दिसायला २०११ साल उजाडलं. म्हणून बी-बियाण्याचा, फीचा, औषधाचा पैसा यात अडकवू नये, आणि कर्ज काढून तर चांदी घेऊच नये. वर्षाकाठी सुगीनंतर दोन-चार रुपये, तेही पारखून, वजन करून, पावती घेऊन. घरातल्या रुपयांची एका वहीत नोंद करावी: साल, राजा की राणी, वजन, कुणाकडून आला. प्रत्येक रुपया वेगळ्या कागदाच्या पुडीत किंवा धुतलेल्या सुती कापडात ठेवावा. प्लास्टिकच्या मऊ पाकिटांनी नाण्यावर हिरवट चिकट थर येतो, ती टाळावीत. आणि ती वही घरातल्या बाईला आणि थोरल्या मुलांना दाखवून ठेवावी, कारण अडचणीच्या वेळी डबा घेऊन सराफाकडे बहुधा त्यांनाच जावं लागतं.